दहाच्या आत गाणं

गाण्यांच्या वेडापायी कॉन्सर्टच्या धंद्यात इंटर्न म्हणून शिरलेल्या एका टी. वाय.वालीचे सहा महिने. समोरून दिसणारा शो आणि मागून दिसणारा शो यांच्यात नेमकं किती अंतर असतं?

इंटरव्ह्यूला मी बँडचा टी-शर्ट घालून गेले होते. प्रॉडक्शन बघणाऱ्या ताईंनी तो बघितला आणि विचारलं, "गाणी आवडतात?"

"जाम!" मी म्हटलं.

"बरं. आणि बारा तास उभं राहता येतं?"

मला वाटलं, गंमत करतायत. तसं काही नव्हतं. पुढचा प्रश्न होता, एक्सेल येतं का. तिसरा, घरून रात्रीचं सोडतात का. गाण्यांवर त्यानंतर एक शब्दही झाला नाही. मी मात्र घरी येताना बसमध्ये हवेत होते. आवडते बँड आता स्टेजच्या बाजूला उभं राहून, फुकटात ऐकायचे. वर महिन्याला सहा हजार स्टायपेंड. अजून काय पाहिजे?

सहा महिन्यांत मी अकरा शो केले. त्यातलं एकही अख्खं गाणं मी ऐकलेलं नाही.

फॅन म्हणजे कोण

आधी माझी कुंडली सांगते. अकरावीपासून मी कॉन्सर्टला जाते. कपाटाच्या दाराला आतून सगळे रिस्टबँड चिकटवलेत. पुण्यात २०१० साली पहिलं एनएचसेव्हन वीकेंडर झालं तेव्हा मी बालवाडीत होते, आणि ते हुकल्याचा राग मी उगाचच अजून धरून आहे. २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन रात्री वाजवून गेले, तेव्हा तिकिटाच्या ऑनलाइन रांगेत माझ्यापुढे काही लाख लोक होते. मी तरी कॉलेज बुडवून स्क्रीनकडे बघत बसले.

आमच्या घरात हे वेड नवीन नाही. बाबा कॉलेजात असताना शाल आणि थर्मास घेऊन सवाईला जायचे. भीमसेन जोशींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव तेव्हा रात्रभर चालायचा. शेवटी, पहाटे, भीमसेनजी स्वतः गायला बसायचे. "आम्ही उजाडल्यावर घरी यायचो," असं बाबा अजून ऐकवतात. मला रात्री अकरानंतर फोन करून "कुठेयस?" विचारणारे बाबा ते हेच!

आणि एक बँड आहे. चौघांचा. नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांचं एक लांबलचक गाणं आहे, ते नेहमी सगळ्यात शेवटी वाजवतात. बारावीचं वर्ष मी त्या एका गाण्यावर काढलं. इंटर्नशिपच्या चौथ्या महिन्यात शीटवर त्यांचं नाव आलं, तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन नाचून आले.

टॉवेल धुतलेस का?

इंटर्न नेमकं काय करतो? पहिले दोन महिने मी याद्या केल्या. कोण कुठल्या विमानानं येणार, कुणाला हॉटेलची कुठली खोली, कोण नॉनव्हेज खातं, गेस्ट लिस्टवर कुणाचं नाव दोनदा आलंय.

आणि रायडर. रायडर म्हणजे कलाकारानं करारासोबत पाठवलेली मागण्यांची यादी. तिच्यात दोन भाग असतात. एक तांत्रिक: किती माइक, कुठला अँप, किती वीज. दुसरा पाहुणचाराचा: खाणं, पाणी, खोली, टॉवेल. या दुसऱ्या भागाला सगळे हसतात. व्हॅन हेलन या अमेरिकन रॉक बँडचं उदाहरण तर जगप्रसिद्ध आहे. १९८२ च्या टूरच्या रायडरमध्ये त्यांनी लिहिलं होतं, की एम अँड एमच्या गोळ्या हव्यात, पण त्यात एकही तपकिरी नको. लोक म्हणाले, काय हे नखरे! गायक डेव्हिड ली रॉथनं नंतर आत्मचरित्रात खुलासा केला. त्यांच्या शोचा पसारा अवाढव्य होता. तपकिरी गोळी दिसली की समजायचं, आयोजकानं करार नीट वाचलेला नाही, आणि मग अख्खं स्टेज पुन्हा तपासायचं.

माझी तपकिरी गोळी म्हणजे टॉवेल. रायडरमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: बारा काळे टॉवेल, एकदा धुतलेले. मी म्हटलं, कलाकाराला धुतलेले कशाला, चांगले कोरे देऊ! तुळशीबागेतून करकरीत बारा टॉवेल आणले. दुसऱ्या गाण्यानंतर ड्रमरनं तोंड पुसलं आणि त्याच्या चेहराभर काळी लव चिकटली. उरलेला शो तो बिचारा नाक खाजवत वाजवत होता. कोरा टॉवेल पाणी टिपत नाही आणि लव सोडतो, म्हणून धुतलेला मागतात. स्टेजवर उठून दिसू नये म्हणून काळा. मागणीमागे कारण असतं. आपल्याला ते कळलं नाही तरी यादीत आहे तसंच आणायचं, हा माझा पहिला धडा.

मांडवात ड्रम

चौघांचा शो नोव्हेंबरच्या शेवटी, शहराबाहेरच्या एका लॉनवर होता. तुळशीचं लग्न झालं की पुण्यातल्या लॉन्सना एक दिवसाची फुरसत नसते. सकाळी सहाला आम्ही ट्रक घेऊन पोचलो तेव्हा आदल्या रात्रीच्या लग्नाची कमान गेटवर तशीच होती. जिथे आमचे ड्रम लागणार होते तिथे नवरा-नवरीची नावं थर्मोकोलमध्ये. बँडला ग्रीन रूम म्हणून मिळाली ती 'वधूपक्ष' अशी पाटी असलेली खोली.

सकाळी मैदानावर जो प्रकार चालतो, तो एकदा तरी बघावा. लोडर मंडळी ट्रकमधून मोठाल्या पेट्या उतरवतात. रिगर लोक ट्रसवर चढून लाइट टांगतात. साउंडवाल्या दादांनी मला मैदानाच्या मध्यावर नेऊन एक गंमत सांगितली. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे स्टेजपासून ६८ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला ड्रमचा ठोका ०.२ सेकंद उशिरा ऐकू येणार. मागच्या लोकांसाठी मध्ये लावलेले स्पीकर जर स्टेजच्याच क्षणी वाजले, तर त्याला एकच ठोका दोनदा ऐकू येईल. म्हणून मधले स्पीकर मुद्दाम तेवढेच उशिरा वाजवतात. इतकी वर्षं मागे उभी राहून मी जे 'परफेक्ट' ऐकत होते, ते कुणीतरी मोजून उशीर केलेलं होतं.

साउंड चेक उलट्या क्रमानं होतो, हेही तेव्हाच कळलं. मोठा बँड आधी, सुरुवातीचा छोटा बँड सगळ्यात शेवटी, म्हणजे शो सुरू होताना त्याचीच मांडणी स्टेजवर तयार असते. माझ्या लाडक्या बँडचा साउंड चेक मी धडधडत्या काळजानं ऐकायला उभी राहिले. पाऊण तास ड्रमर एकेक ड्रम बडवत होता. ठप. ठप. ठप. मग गायक 'चेक, चेक' म्हणाला आणि चहा मागितला. बस्स!

दुपारी मला वेगळं काम दिलं. लॉनच्या मागच्या बाजूला दोन सोसायट्या आहेत. तिथे घरोघरी पत्रक वाटायचं: आज कार्यक्रम आहे, आवाज होईल, तक्रारीसाठी या नंबरवर फोन करा. नंबर माझा. तिसऱ्या मजल्यावर एका आजोबांनी दार उघडलं. आत पलंगावर आजी झोपून होत्या, शेजारी ऑक्सिजनचं मशीन. आजोबांनी पत्रक पूर्ण वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "लग्नांचंही हेच असतं. वाजवा बाई, तुमचंही पोट आहे. पण दहाला बंद करा."

"करतो आजोबा," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर नाही, हा नियम २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला. रात्री १० ते सकाळी ६ बंदी, बंद सभागृहांना सूट. सण-उत्सवांसाठी बारापर्यंतची मुभा राज्य सरकार देऊ शकतं, पण वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, आणि त्यातले बरेच गणपती-नवरात्रातच जातात. बाबांच्या सवाईतल्या पहाटा गेल्या त्या याच नियमामुळे. प्रेक्षक म्हणून मला हा नियम कायम खडूस वाटायचा. त्या दारात उभी असताना तो पहिल्यांदा कुणाचा तरी वाटला.

नऊ सत्तेचाळीस

साडेचारला आभाळ भरून आलं आणि पंधरा मिनिटं अवकाळी पाऊस कोसळला. ताडपत्री टाकेपर्यंत स्टेज ओलं. पाऊस थांबला, ऊनही पडलं, पण वायरमन काका वीज सुरू करू देईनात. प्रत्येक जोडणी पुसून, अर्थिंग पुन्हा तपासून झाल्याशिवाय नाही. बाहेर गेटवर हजारभर पोरं. त्यांना थोपवायला मी उभी. "अजून किती वेळ?", "पैसे परत द्या", "चिखलात उभं करता का?" मीही कालपर्यंत त्याच रांगेत होते, असंच ओरडले असते. काकांना जाऊन म्हटलं, "काका, लोक चिडलेत हो." त्यांनी मान वर न करता सांगितलं, "चिडू देत. करंटला फॅन-बिन कळत नाही, ताई."

तास गेला. सुरुवातीच्या बँडचा वेळ कापला, मध्ये सामान बदलायला ठेवलेली वीस मिनिटं बारावर आणली, तरी चौघं स्टेजवर आले तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. ऐंशी मिनिटांचा सेट पन्नासात बसवायचा होता.

नऊ सत्तेचाळीसला मी स्टेजच्या डाव्या बाजूला होते, कानात वॉकीटॉकी. स्टेज मॅनेजर दादा मागे पोलिसांशी बोलत होते. त्यांचा आवाज आला, "हार्ड स्टॉप नऊ अठ्ठावन्न. त्यांचं ते लांब गाणं राहिलंय ना? शीटवर नऊ मिनिटं आहे. बसतंय. कन्फर्म कर."

शीटवर नऊ होतं, कारण रेकॉर्डिंग नऊ मिनिटांचं आहे. लाइव्हमध्ये ते तेरा मिनिटांचं होतं. मध्ये गिटार एकटी वाजते, मग लोकांकडून एक ओळ गाऊन घेतात, मग पुन्हा सुरू. मी तीनदा ऐकलंय. त्या मैदानावर, बँड सोडून, हे बहुतेक फक्त मला माहीत होतं.

नऊ सत्तेचाळीस अधिक तेरा. कसंही मोजलं तरी नऊ अठ्ठावन्नच्या पुढे.

मी 'कॉपी' एवढं म्हटलं असतं तरी गाणं झालं असतं. चूक शीटची ठरली असती. दोन-तीन मिनिटांनी असं काय बिघडतं? समोर लोक त्याच गाण्याचं नाव घेऊन ओरडत होते, आणि माझ्याइतकं ते कुणालाच नको... सॉरी, हवं नव्हतं. डोळ्यांसमोर मात्र ते ऑक्सिजनचं मशीन येत होतं. आणि हेही, की परवानगीच्या कागदावर ज्यांची सही आहे त्या ताईंवर केस होऊ शकते, आणि त्या मैदानाला पुढची परवानगी मिळणं अवघड होतं.

"दादा, नऊ नाही," मी म्हटलं. "लाइव्ह तेरा होतं."

दोन सेकंद शांतता. "शुअर?"

"शुअर."

"मग छोटं घ्यायला सांग. शेवटचं."

मी वाकत वाकत मॉनिटरपर्यंत गेले आणि गायकाला चार बोटं दाखवली. चार मिनिटं. त्यानं भुवया उंचावल्या. मी मान हलवली. तो वळला, बाकीच्यांना काहीतरी म्हणाला आणि त्यांनी दुसरंच गाणं धरलं. नऊ चोपन्नला संपलं. लाइट लागले. हुर्यो झाली.

बॅरिकेडपाशी माझ्याच वयाची एक मुलगी उभी होती. अंगात मी इंटरव्ह्यूला घातला होता तोच टी-शर्ट. गळ्यातलं आयडी बघून तिनं मला थांबवलं. "मी सोलापूरहून आलेय. त्या एका गाण्यासाठी. असं कसं बंद करता तुम्ही?"

"पाऊस आला ना दुपारी..."

"मग मी काय करू?" तिचं बरोबर होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दहा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. आजोबा! मला वाटलं, आभार मानायला केलाय. चला, एक माणूस तरी खूश.

"अहो, गाणं बंद झालं. पण हा खडखडाट कसला चाललाय?"

ट्रस उतरवत होते. लोखंड लोखंडावर पडत होतं. ते साडेतीनपर्यंत चालणार होतं. मी लोडर मंडळींकडे पळाले. त्यांच्यातल्या एका भाऊंनी लग्नाचं हिरवं कारपेट ओढून आणलं, ट्रसखाली घातलं आणि विचारलं, "आता?" आता कमी होतं. आजोबांचा फोन परत आला नाही.

साडेतीनला गाडीत बसताना स्टेज मॅनेजर दादांनी विचारलं, "तेरा मिनिटं तुला कुठून माहीत?"

"मी फॅन आहे त्यांची."

मला वाटलं, काहीतरी कौतुकाचं बोलतील. ते म्हणाले, "मग सकाळीच शीटवर का नाही लिहिलंस? सकाळी कळलं असतं तर ते गाणं आधी घेतलं असतं."

घरी पोचेपर्यंत मी त्या एका वाक्यावर रडले. खरंच की! माझ्याकडे जे होतं, ते फक्त माझ्या आवडीचं आहे असं मी धरून चालले होते. ते कामाचं आहे, हे डोक्यातच आलं नाही. सोलापूरच्या मुलीचं गाणं पावसानं नेलं तेवढंच माझ्यामुळेही गेलं.

हे आधी विचारा

आता जरा व्यवहाराचं. एनईपीमुळे बऱ्याच कोर्सेसना ऑन जॉब ट्रेनिंगची क्रेडिट्स आहेत, त्यामुळे 'म्युझिकमध्ये इंटर्नशिप मिळेल का?' असे मेसेज मला रोज येतात. मिळते. पण होकार देण्याआधी चार गोष्टी विचारा, आणि उत्तरं मेलवर घ्या.

एक, पैसे किती आणि कधी. माझ्यासोबत लागलेला मुलगा 'एक्स्पोजर मिळेल' यावर आला होता. शोच्या दिवशीचा रिक्षाखर्चही तो खिशातून करायचा. दुसऱ्या महिन्यात त्यानं सोडलं, आणि कामात तो माझ्यापेक्षा चांगला होता. ज्यांच्या घरून पैसे येतात तेच टिकतात, असं होत असेल तर गडबड आहे.

दोन, रात्री घरी कोण सोडणार. पहिल्या शोनंतर रात्री अडीचला मी एकटी, बंद गेटच्या बाहेर, कॅबची वाट बघत पाऊण तास उभी होते. आईला हे तीन आठवड्यांनी सांगितलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "आधी त्यांना विचार, मग मला विचार." मी विचारलं. पुढच्या शोपासून गाडी मिळाली. म्हणजे ती देता येत होती, फक्त कुणी मागितली नव्हती.

तीन, शोच्या दिवशी जेवण आणि टॉयलेट. हसू नका. बारा तास मैदानावर काढा, मग कळेल.

चार, शिकवणार कोण. नुसतं गेटवर उभं करणार असतील तर ती इंटर्नशिप नाही. साउंड, लाइट, परवानग्या, हिशेब यातलं एक तरी कुणीतरी हाताला धरून दाखवणार आहे का, ते विचारा.

आणि कानात इअरप्लग घाला. फॅन महिन्यातून एकदा स्पीकरसमोर उभा राहतो, आपण रोज.

इंटर्नशिप संपल्यावर मला 'पर शो' बोलवायला लागलेत. परीक्षा सांभाळून जाते. शीटवर आता एक जास्तीचा रकाना असतो, 'लाइव्ह वेळ'. तो मी भरते.

गेल्या महिन्यात मात्र बऱ्याच दिवसांनी तिकीट काढून, मित्रमैत्रिणींबरोबर, एका शोला गेले. छान चिखलात उभी राहून. पावणेदहाला माझं लक्ष आपसूक घड्याळाकडे आणि मग स्टेजच्या डाव्या बाजूला गेलं. तिथे गळ्यात आयडी घातलेला एक बारका मुलगा उभा होता, हातात कागद, चेहरा पांढराफटक. गायकाला बोटं दाखवत होता. एक. शेवटचं.

सगळे ओरडायला लागले, "वन्स मोअर!" मला त्या मुलाची अगदी दया आली.

मग मीही ओरडले. सगळ्यात मोठ्यांदा. शेवटी तिकीट काढलं होतं.